जुलैचे पैसे, ऑगस्टचा सत्कार

यंदा आखाजीला गावी गेलो होतो. (खान्देशाबाहेरच्यांसाठी: आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे तिचं कौतुक दिवाळीपेक्षा कमी नाही. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके लागतात, आणि आमच्यासारखे पुण्यातले नोकरदार खापरावरची पुरणपोळी आणि आमरस हाणून दुपारी आडवे होतात.) यंदा आडवं व्हायला मिळालं नाही. संध्याकाळी मंदिराच्या ओट्यावर गावाच्या शिक्षण निधीची बैठक होती आणि हिशेब मांडायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. पोरगा आयटीत आहे म्हटल्यावर गावात दोन कामं ठरलेली असतात. कुणाचा तरी प्रिंटर चालू करून देणे, आणि एक्सेल.

गाव अमळनेर तालुक्यातलं, बोरी नदीच्या बाजूचं. नाव सांगत नाही, कारण मला परत तिथे जायचंय :-)

निधी साधा आहे. गावातून बाहेर पडून नोकरीला लागलेले लोक (शिक्षक, एसटीतले कंडक्टर, फौजी, सुरतेला कापड मार्केटमध्ये असलेले, आणि अलीकडे आम्ही कॉम्प्युटरवाले) दर महिन्याला जमेल ते टाकतात. कुणी दोनशे, कुणी हजार. उद्देश: 'गावातील होतकरू व गरजू विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी साहाय्य'. पंधरा ऑगस्टला ध्वजवंदन झालं की शाळेच्या पटांगणात गुणगौरव समारंभ होतो. दहावी-बारावीचे पहिले तीन, ट्रॉफी, चेक, शाल, नारळ, प्रमुख पाहुणे, फोटो.

तर मी सगळ्या जुन्या वह्या घेऊन बसलो आणि खर्चाचे दोन कॉलम केले. एक 'पोरांच्या हातात पडलेले', दुसरा 'समारंभ'. दोन वर्षं अशी निघाली की दुसरा कॉलम पहिल्यापेक्षा मोठा होता! मंडप, साउंड, फ्लेक्स, पाहुण्यांचं जेवण, शाली. कुणी पैसे खाल्ले नव्हते हो. पावत्या सगळ्या जागच्या जागी होत्या. पण पावत्या बरोबर असल्या म्हणजे खर्च बरोबर असतोच असं नाही, एवढं कुठलाही प्रोजेक्ट मॅनेजर तुम्हाला सांगेल (स्वतःचा प्रोजेक्ट सोडून).

यावर मी बोललो, आणि बैठक तापली. ती हकीकत पुढे येईलच. आधी माझं स्वतःचं सांगतो, कारण या निधीच्या पहिल्या काही लाभार्थ्यांपैकी मी एक आहे.

२०१५ साली बारावी झालो. गावात पहिला. त्या पंधरा ऑगस्टला मला ट्रॉफी आणि पाच हजारांचा चेक मिळाला. आईने ती ट्रॉफी अजून टीव्हीवरच्या फळीवर ठेवलीय आणि दर दिवाळीला पुसते. पण गंमत अशी की पंधरा ऑगस्टपर्यंत माझा पुण्यातला प्रवेश होऊन गेला होता. खरी मारामारी जुलैत झाली होती. फीचं एक बरं होतं, शिष्यवृत्तीत अर्धी सुटणार होती आणि उरलेल्या अर्धीसाठी वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढलं होतं. पण कॉट बेसिसच्या खोलीचं डिपॉझिट? मेसचा अ‍ॅडव्हान्स? ड्राफ्टर, वर्कशॉपचा बॉयलर सूट, गादी, बादली? या गोष्टींना कुठल्याच फॉर्मवर रकाना नसतो. वडील दोन दिवस कुणाकुणाच्या ओट्यावर जाऊन बसून आले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पत्र्याची पेटी घेऊन स्टँडवर उभा, आणि गल्लीतले एक नाना आले. शंभर-पाचशेच्या नोटांची एक घडी माझ्या खिशात कोंबली. चार हजार होते. म्हणाले, "फी सरकार भरी दी. पोऱ्या तठे खाई काय?" आणि जाता जाता, "मन्हं नाव नको लिखजो रे भाऊ."

मी इंजिनियर झालो तो त्या चार हजारांवर, असं म्हटलं तर फिल्मी होईल. पण जुलैतले चार हजार हे ऑगस्टमधल्या पाच हजारांपेक्षा मोठे होते, एवढं नक्की. (त्या पाच हजारांचं काय झालं? मोबाईल घेतला.)

माझ्याच वर्गातला एक मित्र. बारावीला माझ्यापेक्षा बरेच कमी मार्क, पण गणितात आणि हाताच्या कामात माझा बाप. त्यालाही प्रवेश मिळाला, धुळ्याला. फी माफ होती. दिवाळीच्या आधी तो पेटी घेऊन परत आला. मेसचे दोन महिने थकले होते, तिसऱ्या महिन्यात ताट बंद झालं. शिष्यवृत्तीचे पैसे येणार होते, येणार होते... आले, वर्ष संपताना. तोवर हा गावात होता. निधीकडे का नाही गेला? कारण निधी पहिल्या तीन नंबरांना द्यायचा. हा गावात सातवा की आठवा होता.

हा मित्र आज दुःखी-कष्टी वगैरे नाही, गैरसमज नको. त्याचा मंडप-साउंडचा धंदा आहे, पिकअप आहे, लग्नसराईत माझ्यापेक्षा जास्त कमावतो. पण दर पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणात गुणगौरवाचा मंडप तोच घालतो. ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

आता थोडं मोठ्या चित्राकडे येऊ. फीच्या बाबतीत सरकार काहीच करत नाही असं आपण सवयीने म्हणतो. ते खरं नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क योजना आहे. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालंय. वसतिगृहाबाहेर राहणाऱ्यांसाठी स्वाधार, स्वयम्, पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाह भत्ता अशा योजना आहेत. पण या सगळ्यांचं स्वरूप एकच: आधी प्रवेश घ्या, मग अर्ज, मग छाननी, मग खात्यावर पैसे. आणि पोट या क्रमाने चालत नाही.

आमच्या भाषेत सांगायचं तर सरकारकडे थ्रूपुट आहे. लाखो अर्ज, कोट्यवधी रुपये. नाही ती लेटन्सी सांभाळायची सोय. रिक्वेस्ट जुलैत गेली, रिस्पॉन्स मार्चमध्ये आला, मधल्या काळात युझर टाइम-आउट होऊन गावाला परत. गावातल्या निधीकडे थ्रूपुट कधीच असणार नाही. पण लेटन्सी? ओट्यावर बसलेल्या चार माणसांना एका संध्याकाळी कळतं की अमक्याच्या पोराचं डिपॉझिट अडलंय. हे ज्ञान मंत्रालयात नाही, बंगळुरूच्या कुठल्या मोठ्या फाउंडेशनमध्येही नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे: गावाच्या निधीने तेच करावं जे फक्त गावालाच जमतं. थोडे पैसे, योग्य पोराला, त्याच आठवड्यात.

आणि ही काही माझी आयडिया नाही. अमळनेरला हे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला साहित्य संमेलन झालं तेव्हा साने गुरुजींचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. पण गुरुजी अमळनेरला नेमके काय करत होते हे आपल्याला अर्धवटच माहीत असतं. प्रताप शेठजींनी १९१६ च्या सुमाराला तिथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं होतं. पांडुरंग सदाशिव साने नावाचा तरुण तिथे अभ्यासाला आला आणि १९२४ साली तिथल्या शाळेत शिक्षक झाला. त्याच्याकडे छात्रालय आलं, म्हणजे खेड्यापाड्यातून आलेल्या मुलांचं बोर्डिंग. मुलं शाळेत गेली की हा माणूस त्यांच्या खोल्या झाडायचा, अंथरुणं नीट लावायचा, कपडे धुवायचा. आजारी मुलाच्या उशाशी बसायचा. मुलांसाठी हाताने लिहून एक दैनिक काढायचा. १९३० साली सत्याग्रहासाठी नोकरी सोडेपर्यंत, सहा वर्षं.

यात दोन दानं आहेत. एक शेठजींचं: इमारती, संस्था, दगडावर कोरलेलं नाव. ते हवंच. त्याशिवाय शाळा उभी राहत नाही. दुसरं गुरुजींचं: शाळेत पोचलेला मुलगा तिथे टिकावा म्हणून केलेलं. गरीब घरातलं मूल पहिल्यांदा घर सोडतं तेव्हा ते बहुतेक वेळा अभ्यासामुळे परत येत नाही. ताट, अंथरूण, ताप आणि आईची आठवण, यांच्यामुळे येतं. गुरुजींनी बरोबर तीच जागा धरली होती.

तिकडे साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनीही तेच केलं. १९१९ मध्ये काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह, जिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची. वसतिगृहात पीठ संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, ही गोष्ट महाराष्ट्राला माहीत आहे. पण मला त्याहून आवडतो तो मुष्टी फंड. घरोघरच्या बायकांनी रोज मूठभर धान्य बाजूला टाकायचं, आणि ते गोळा होऊन वसतिगृहाच्या चुलीवर जायचं. ना पावती, ना शाल. आजच्या भाषेत हे क्राउडफंडिंग, आणि तेही थेट मेससाठी!

अलीकडची उदाहरणं बघा. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून खेड्यातल्या मुलांची राहण्या-जेवणाची सोय करते. जळगावात २००५ साली यजुर्वेंद्र महाजन यांनी सुरू केलेलं दीपस्तंभ फाउंडेशन 'मनोबल' प्रकल्पात दिव्यांग आणि अनाथ मुलांना निवासासकट शिकवतं. आणि धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे डॉ. राजेंद्र भारूड. भिल्ल समाजातले. जन्माआधीच वडील गेले, आईने मोहाची दारू विकून पोरं वाढवली. हे त्यांनी स्वतः मोकळेपणाने सांगितलंय, पुस्तकातही लिहिलंय. गावातल्या शाळेतून निवड झाली ती नवोदय विद्यालयात, जिथे राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश सगळं सरकारचं. तिथून मुंबईला एमबीबीएस, मग आयएएस, मग नंदुरबारचे जिल्हाधिकारी. त्यांची हुशारी त्यांची स्वतःची. पण नवोदयने फक्त फी माफ केली असती आणि ताट दिलं नसतं, तर? आपण यशोगाथा वाचतो तेव्हा मेसचा परिच्छेद सोडून देतो.

अमळनेर म्हटलं की तुम्हाला विप्रो आठवणारच. आठवू दे. १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून ती कंपनी तिथे सुरू झाली, आणि त्या काळी घेतलेले शेअर्स जपून ठेवलेली घरं गावात आहेत. (आमचं त्यांत नाही. आजोबांनी त्या पैशात बैलजोडी घेतली असावी, असा घरात एक कायमचा विनोद आहे.) अझीम प्रेमजींनी आपल्या शेअर्सचा फार मोठा वाटा फाउंडेशनला दिला. २०१९ मध्ये जाहीर झालेला आकडा एकूण १ लाख ४५ हजार कोटींचा होता. हे ऐकून आमच्या बैठकीत एक जण म्हणाला, "मग आपल्या चार दिडक्यांनी काय होणार?" मला उलट वाटतं. एवढे पैसे असलेल्या संस्थेलाही अर्ज, निकष, पोर्टल लागणारच. तिला आमच्या गल्लीतला आठव्या नंबरचा पोरगा कसा दिसणार? तो आम्हालाच दिसतो. खरं म्हणजे २०१५ मध्येही दिसत होता, फक्त आम्ही नियम असा केला होता की तो दिसूनही मोजला जाऊ नये.

आता बैठकीतले आक्षेप. ते खोटे नव्हते, म्हणून नीट लिहितो.

पहिला, आप्पांचा. "सत्कार बघून बाकीची पोरं अभ्यासाला लागतात. तुझाच सत्कार बघून तीन पोरं पुण्याला गेली." यावर मी गप्प झालो, कारण त्यातला एक माझा चुलतभाऊ आहे. सत्काराला किंमत आहे. पण कौतुकाला टाळ्या पुरतात, मंडप लागत नाही. ध्वजवंदनाला सगळं गाव उभं असतंच, तिथे पाच मिनिटं नावं वाचली तरी पोराची छाती फुगते.

दुसरा आक्षेप सुरतेच्या मंडळींचा. पैसे देणाऱ्याला आपले पैसे कुठे गेले ते दिसायला हवं. फोटो नसेल तर वर्गणी आटेल. हाही खरा. गुपचूप मदत म्हणजे कुणीतरी आपल्याच पुतण्याला देणार, हा संशय प्रत्येक गावात असतो आणि बऱ्याचदा रास्त असतो. माझं उत्तर असं: हिशेब उघडा, माणूस झाकलेला. 'क्रमांक ३, मेस अ‍ॅडव्हान्स, अमुक रुपये, अमुक तारीख' एवढं सगळ्यांना दिसेल. नाव फक्त तीन जणांना माहीत. आणि त्या तिघांत एक बाई हवी.

बाई का? कारण मुलींचा खर्च वेगळा असतो आणि तो ओट्यावर बोलला जात नाही. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत असतो. पुढे? फी माफ झाली म्हणून घरचे शिकवायला तयार होतात, पण हॉस्टेलचा विषय निघाला की "जवळच कुठेतरी बीए कर" इथे गाडी थांबते. मुलगी हे वडिलांनाच सांगू शकत नाही, तर निधीच्या अध्यक्षांना कुठून सांगणार? गावातल्या अंगणवाडीच्या ताईंना मात्र सगळं माहीत असतं.

तिसरा आक्षेप कुणी उघड बोललं नाही, पण हवेत होता. स्टेजवर घेतलेला चेक हा बक्षीस असतो. स्टँडवर खिशात कोंबलेल्या नोटा ही मदत असते. बक्षीस घेताना मान वर असते, मदत घेताना खाली. मला स्वतःला नानांचे पैसे घेताना लाज वाटली होती, हे कबूल करायला हवं. नोकरी लागल्यावर परत करायला गेलो तर त्यांनी घेतले नाहीत, म्हणाले पुढच्याला दे. मग मी काय केलं? दर महिन्याला निधीत ऑटो-डेबिट लावलं आणि मोकळा झालो. माझे पैसेही काही वर्षं मंडपातच जात होते, हे एक्सेल केल्यावर कळलं. म्हणजे दोष द्यायचा तर मीही रांगेत आहेच.

रात्री साडेदहापर्यंत चाललं. शेवटी मंडपवाला मित्रच बोलला. एवढा वेळ तो कोपऱ्यात तंबाखू मळत बसला होता. "मंडप बंद करा. मन्हं काय जाई नही." एवढंच. स्वतःबद्दल एक शब्द नाही. आप्पांनी त्याच्याकडे बघितलं आणि थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.

ठरलं ते असं. समारंभ राहील, पण ध्वजवंदनालाच, मंडप-पाहुण्यांशिवाय. फ्लेक्स एक राहील (यावर आप्पा हटले नाहीत, आणि लोकशाहीत फ्लेक्सला हात लावायचा नसतो). निम्मे पैसे जूनमध्येच वेगळे काढायचे. तीन जण: निवृत्त गुरुजी, अंगणवाडीच्या ताई आणि हिशेबाला मी. मार्कांची अट नाही. तिघांतल्या दोघांनी हो म्हटलं की चोवीस तासांत पैसे.

जुलैत एका मंगळवारी मी स्टँड-अप मीटिंगमध्ये असताना ताईंचा फोन आला. एका मुलीला सरकारी तंत्रनिकेतनात जागा मिळाली होती, हॉस्टेलचं डिपॉझिट आणि मेसचा पहिला महिना संध्याकाळपर्यंत भरायचा होता, आणि वडील "पुढच्या वर्षी बघू" म्हणायला लागले होते. म्यूट करून गुरुजींना फोन लावला. ते हो म्हणाले. मीटिंग संपायच्या आत यूपीआयने पैसे गेले. एक्सेलमध्ये लिहिलं: क्रमांक १.

ती दिवाळीपर्यंत टिकेल का, मला माहीत नाही. ऑक्टोबरमध्ये पुन्हा विचारायचं असं ताईंनी ठरवलंय. ही आठवण माझ्या कॅलेंडरमध्ये आहे.

तुमच्यापैकी बरेच जण अशाच कुठल्यातरी गावाचे आहात, आणि कुठल्यातरी निधीत महिन्याला पाचशे-हजार टाकताही. एकदा फोन करून विचारा, पैसे कुठल्या महिन्यात जातात? उत्तर 'ऑगस्ट' आलं, तर पुढच्या सुट्टीत गावी जाताना लॅपटॉप घेऊन जा.